‘रूट कॉज’ काढा म्हणतात, पण थांबायचं कुठे?

निळी शाई

मंडळी, एक जुनाच वैताग घेऊन आले आहे.

कामावर काही बिघडलं की वरिष्ठांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “लेट्स गेट टू द बॉटम ऑफ धिस.” मग एक फॉर्म येतो. त्यात ‘रूट कॉज’ (मूळ कारण) नावाचा रकाना, जेमतेम एका ओळीचा. त्या ओळीत काय लिहिलं जातं ते इथल्या बहुतेकांना सांगायला नको: मानवी चूक. शेजारच्या ‘उपाय’ रकान्यात ‘संबंधितांना समज दिली’ किंवा ‘पुन्हा प्रशिक्षण दिले’. फाइल बंद. पुढे तोच बिघाड दुसऱ्या कुणाच्या पाळीत होतो आणि तोच फॉर्म नव्या नावानिशी भरला जातो.

फॉर्मची थट्टा करायला धागा काढलेला नाही, ती करून झाली आहे. अडचण अशी की ‘का’ हा प्रश्न हवा तितका ताणता येतो. माणूस चुकला, कारण थकला होता. थकला, कारण सलग पाळ्या. सलग पाळ्या, कारण माणसं कमी. माणसं कमी, कारण पैसे नाहीत. आणखी दोन पायऱ्या उतरलं की जागतिक अर्थव्यवस्था आणि त्याखाली मनुष्यस्वभाव. तिथे पोचून करायचं काय?

मला वाटतं, चौकशी जिथे थांबते तिथेच उत्तर तयार होतं, आणि ती जागा बहुतेक वेळा सोय बघून निवडलेली असते. यंत्रं, सॉफ्टवेअर, दवाखाना, प्रयोगशाळा, कुठल्याही क्षेत्रातले असाल तरी तुम्ही कुठे आणि का थांबता ते लिहा.

पाना-स्क्रू

देखभाल खात्यात हयात गेली, त्यामुळे हा विषय माझा.

‘पाच वेळा का विचारा’ हे टोयोटाचं म्हणून जे सांगितलं जातं, त्याचं तिथले अभियंते ताईची ओनो यांनी दिलेलं मूळ उदाहरण बघा. यंत्र थांबलं. का? लोड जास्त होऊन फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेसं नव्हतं. का नव्हतं? पंप पुरेसं तेल ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजून खडखडत होता. का झिजला? गाळणी बसवलेली नव्हती, धातूचा कीस आत जात होता.

फ्यूजपाशी थांबलात तर फ्यूज बदलाल. शाफ्टपाशी थांबलात तर शाफ्ट बदलाल, काही महिन्यांनी पुन्हा बदलाल. गाळणीपाशी थांबलात तर प्रकरण मिटलं. ओनो गाळणीपाशी थांबले, कारण ती दुसऱ्या दिवशी बसवता येते. आकडा पाच आला हा योगायोग. आमच्याकडे त्याचा मंत्र झाला. दोन ‘का’मध्ये उत्तर मिळालं तरी लोक उरलेले तीन कागदावर रचून भरायचे.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ही साखळी एकेरी दिसते, कारण ती सांगण्यापुरती निवडलेली आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर दोन-तीन फाटे फुटतात. बेअरिंग कोरडं पडत होतं तर ते तापलं असेल, आवाज केला असेल. मग फ्यूज उडेपर्यंत कुणाच्या लक्षात का आलं नाही? हा वेगळाच फाटा, आणि तो गाळणीपाशी जात नाही, तपासणीच्या वेळापत्रकापाशी जातो. ॲलन कार्ड यांनी २०१७ मध्ये वैद्यकीय सुरक्षेच्या एका नियतकालिकात नेमकी हीच टीका केली होती, की पाच ‘का’ एकाच वाटेने नेतात आणि वाट कुठली ते विचारणारा ठरवतो.

तिरकस

वाट विचारणारा ठरवतो आणि विचारणारा साहेब असतो. म्हणून वाट कधी साहेबाच्या केबिनकडे जात नाही.

अक्षरा

थोडं विषयाच्या कडेने जाते. ‘बॉटम’ला जायचं म्हणताना इंग्रजीवाले तळ एकच असतो असं धरून चालतात, आणि ‘रूट कॉज’ही एकवचनीच. आपल्याकडे पाळंमुळं खणतात, तिथे अनेकवचन आपोआप येतं. शिवाय आपण वेगवेगळ्या कामांना वेगळे शब्द वापरतो. छडा लावायचा तो चोराचा. शहानिशा करायची ती बातमीची. सोक्षमोक्ष लावायचा तो भांडणाचा. निळी शाई यांच्या फॉर्मात शहानिशा मागितलेली आहे आणि लोक छडा लावून मोकळे होताहेत, असं मला दिसतं.

तिरकस

अक्षराताई, मराठीतही ‘एकदाचं मूळ सापडलं’ म्हणतोच की आपण. आणि पाळंमुळं खणून काढल्यावर झाड मरतं, हेही लक्षात घ्या. काही कार्यालयांत हाच उद्देश असतो.

मोजपट्टी

शब्दांवर गाडी वळली की धागा हातचा गेला, म्हणून मी मध्ये पडतो. फाट्यांबद्दल पाना-स्क्रू जे म्हणाले त्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण हबल दुर्बिणीचं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण गंमत तपशिलात आहे.

एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रं धूसर यायला लागली. मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. तो कडेला हवा त्यापेक्षा सुमारे २ मायक्रॉन (०.००२ मिलिमीटर) जास्त सपाट घासला गेला होता. एवढ्यावर थांबलो तर ‘रूट कॉज’च्या ओळीत येईल: आरसा चुकीचा घासला.

पण आरसा अतिशय सफाईने घासलेला होता, फक्त चुकीच्या आकारात. नासाने ल्यू ॲलन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल नोव्हेंबर १९९० मध्ये आला. आकार तपासायला नल करेक्टर नावाचं उपकरण वापरलं होतं, दोन आरसे आणि एक भिंग असलेलं. त्यातलं भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. म्हणजे मोजणारंच चुकीचं होतं आणि कारागिरांनी आरसा त्या चुकीच्या मापाला तंतोतंत जुळवला.

आता १.३ मिलिमीटर का? या कामाच्या मानाने ते प्रचंड अंतर आहे. भिंगाचं अंतर ठरवायला एक मोजदांडी होती. तिच्या टोकावर एक टोपी आणि टोपीला मधोमध बारीक छिद्र. लेझरचा प्रकाश छिद्रातून आत जाऊन दांडीच्या टोकावरून परतायला हवा होता. टोपी चकाकू नये म्हणून तिच्यावर काळपट लेप दिला होता. तो लेप एका जागी उडाला होता. प्रकाश तिथूनच, टोपीवरून, परतला. टोपीचा वरचा भाग आणि दांडीचं टोक यांच्यात जेवढं अंतर तेवढीच चूक भिंगात उतरली.

म्हणजे मूळ कारण उडालेला रंग? ऐकायला फार छान वाटतं आणि पार्टीत सांगायला उत्तम आहे. पण पुढे बघा. त्या मापाने भिंग ठरल्या जागी बसेना, सरकवायला जागाच पुरेना. तेव्हा वॉशर घालून ते बसवलं गेलं. इथे कुणीतरी ‘हे बसत का नाही?’ असं विचारायला हवं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या दोन साधनांनी केलेल्या तपासण्यांत चूक दिसली होती! ती बाजूला सारली गेली, कारण ती साधनं कमी अचूक मानली जात. पण चूक इतकी ढोबळ होती की ढोबळ साधनालाही ती दिसत होती. मुख्य उपकरण सर्वांत अचूक आहे असं ठरलेलं असल्यामुळे त्याच्याशी न जुळणारा प्रत्येक आकडा आपोआप खोटा ठरला. आणि हे सगळं वेळापत्रक मागे पडलेलं असताना, खर्चाचा ताण असताना.

समितीने रंगापाशी थांबायचं नाकारलं. तपासणी एकाच साधनावर अवलंबून का ठेवली आणि विसंगत निकाल वरपर्यंत का पोचले नाहीत, हे अहवालात आहे. रंग उडाला नसता तर आणखी काही झालं असतं. विसंगत आकड्याला दाद देणारी पद्धत असती, तर रंग उडूनही काही बिघडलं नसतं.

निळी शाई

मोजपट्टी, हे वाचून थक्क झाले. शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. पण तरी विचारते, तुम्ही तरी ‘पद्धत’पाशी का थांबलात? पद्धत तशी का होती, हाही ‘का’ शिल्लक आहेच.

मोजपट्टी

आहेच. पण पद्धत बदलता येते. पुढच्या आरशाला दोन स्वतंत्र तपासण्या लावा आणि त्या जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका, असा नियम करता येतो. त्याच्या खाली ‘माणसाला स्वतःच्या उपकरणाचं प्रेम असतं’ असलं काहीतरी निघेल. त्यावर नियम करता येत नाही.

घड्याळजी

सॉफ्टवेअरवाल्यांच्या वतीने. आमच्यात ‘मुळाशी जाणं’ कधीकधी फसवं सोपं असतं. काल चालत होतं, आज चालत नाही, मधे हजार बदल झालेत. बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मधलं बायसेक्ट लावायचं. ते मधला बदल काढून देतं, चालतोय का बघा म्हणतं, मग उरलेल्या अर्ध्यातला मधला. दहाएक पायऱ्यांत नेमका बदल हातात. आणि तिथे सगळे टाळ्या वाजवतात.

मला त्या टाळ्यांची भीती वाटते. कुठल्या ओळीने मोडलं एवढंच त्यातून कळतं. एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ ला झालं आणि ४० सेकंदांच्या आत रॉकेट नष्ट झालं. नेमकी ओळ सापडली: ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती, ती मावली नाही. पण ती ओळ एरियन ४ मधून आणलेली होती आणि तिथे बिनतक्रार चालत होती, कारण एरियन ४ चा मार्ग असा होता की तो आकडा तेवढा मोठा व्हायचाच नाही. ओळ तीच राहिली, रॉकेट बदललं. गंमत म्हणजे ज्या गणितासाठी ती ओळ होती, त्याचा एरियन ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. राखीव संगणकही होता, पण त्यात तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला.

आता ‘रूट कॉज’ रकान्यात काय लिहाल? ओळ? जुना कोड तसाच उचलणं? नव्या मार्गाचे आकडे घालून पूर्ण चाचणी न घेणं? मी तिसरं लिहीन, कारण पहिल्या दोन्ही चुका त्यात पकडल्या गेल्या असत्या.

सावली

मी उलट बाजूने बोलते. सगळे खाली खाली जायच्या गोष्टी करताहेत. सार्वजनिक आरोग्यात तळाला जाईपर्यंत माणसं मरतात.

लंडनमधली १८५४ ची कॉलऱ्याची साथ सगळ्यांना ऐकून माहीत असते. डॉक्टर जॉन स्नो, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला काढलेला पंपाचा दांडा. स्नोला कॉलऱ्याचा जंतू माहीत नव्हता. इटलीत फिलिपो पाचिनीने त्याच वर्षी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिला होता, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. रॉबर्ट कॉखने तो वेगळा काढून दाखवेपर्यंत १८८४ उजाडलं. तीस वर्षं! पंपाच्या दांड्याने जंतूची वाट पाहायला हवी होती का? पाण्यातून पसरतोय एवढं कळलं, तेवढ्यावर स्नो थांबला आणि कृती केली.

साथ तोपर्यंत ओसरायला लागली होती, हे स्नोने स्वतःही मान्य केलं होतं. त्यामुळे ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. खरी चिकाटी पुढे आहे आणि ती दुसऱ्याच माणसाची आहे. हेन्री व्हाइटहेड हा त्याच वस्तीतला तरुण धर्मोपदेशक. त्याला स्नोचं म्हणणं पटलं नव्हतं, ते खोडून काढायला म्हणून तो घरोघर चौकशी करत फिरला. माणसं त्याच्या ओळखीची होती, ती त्याच्याशी बोलली. कोण कुठलं पाणी प्यायलं, कोण वाचलं, कोण गेलं. चौकशी करता करता तोच स्नोच्या बाजूचा झाला. पुढे नोंदी चाळताना त्याला ब्रॉड स्ट्रीटच्या ४० क्रमांकाच्या घरातलं एक तान्हं मूल सापडलं, साथ भडकायच्या जरा आधी आजारी पडलेलं. आईने लंगोट धुतलेलं पाणी घरापुढच्या शोषखड्ड्यात टाकलं होतं. खड्डा खणून पाहिला तर तो विहिरीपासून तीनेक फुटांवर, विटांचं बांधकाम ढिलं झालेलं, आणि घाण विहिरीत झिरपत होती.

तर दोन वेगळी कामं. आग विझवायला जेवढं कळायला हवं तेवढं आधी. उरलेलं नंतर, पण सोडायचं नाही. आणि शक्य असेल तर ते नंतरचं काम तुमच्याशी असहमत असलेल्या माणसाला द्या.

तिरकस

सावलीताई, मुद्दा मान्य, पण ‘तेवढ्यावर थांबून कृती करा’ची दुसरी बाजू मी सांगतो. आज चेष्टा करत नाही.

डी हॅविलंड कॉमेट, पहिलं जेट प्रवासी विमान. १० जानेवारी १९५४ ला एल्बा बेटाजवळ एक कॉमेट हवेतच फुटलं, ३५ माणसं गेली. विमानं जमिनीवर ठेवली. अवशेष समुद्रात खोल, पुरावा हाती नाही. आग लागली असावी हा सर्वांत दाट संशय. त्यावर आणि आणखी काही शक्यतांवर उपाय म्हणून विमानांत बरेच बदल केले आणि २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू केली. ८ एप्रिलला नेपल्सजवळ दुसरं पडलं, २१ माणसं गेली.

मग इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बसवलं आणि आतला पाण्याचा दाब वाढवत-कमी करत राहिले, जणू ते रोज उडतंय आणि उतरतंय. खरी आणि टाकीतली उड्डाणं मिळून ३,०५७ झाली तेव्हा विमानाचं अंग एका खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटलं. धातूचा थकवा. समुद्रातून काढलेल्या पहिल्या विमानाच्या तुकड्यांत फाटण्याची सुरुवात छपरावरच्या, अँटेनासाठी ठेवलेल्या खिडकीपाशी मिळाली. (‘चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं’ हे जे सर्रास सांगतात ते प्रवाशांच्या खिडक्यांबद्दल असतं. या पडलेल्या विमानाचं फाटणं त्यांच्यापासून सुरू झालेलं नव्हतं.)

जानेवारी ते मार्चच्या मधल्या लोकांनी आळस केला नव्हता. त्यांनी सुचेल ते सगळं दुरुस्त केलं. फक्त कारण न कळता दुरुस्त केलं.

सावली

फरक एवढाच की पंप बंद केल्याने चुकून कुणाचं नुकसान होणार नव्हतं, लोक दुसऱ्या पंपावर गेले असते. विमान पुन्हा उडवण्यात होणार होतं. अर्धवट माहितीवर काही *थांबवणं* आणि अर्धवट माहितीवर काही *पुन्हा सुरू करणं* यांना एकच माप लावू नका.

तिरकस

याला माझ्याकडे उत्तर नाही. दुर्मीळ प्रसंग, नोंद घ्यावी.

पाना-स्क्रू

कॉमेटच्या टाकीवरून माझा थांबण्याचा नियम सांगतो. बिघाड मला हवा तेव्हा करता आला पाहिजे आणि हवा तेव्हा घालवता आला पाहिजे. टाकीत त्यांनी तेच केलं, विमान मुद्दाम फाडून दाखवलं. नवा भाग बसवला आणि यंत्र चाललं, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. जुना भाग परत बसवून तोच आवाज आला पाहिजे. याला लोक कंटाळतात, ‘चाललंय ना, मग कशाला उचकता’ म्हणतात.

मोजपट्टी

सहमत. २०११ मध्ये ऑपेरा नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगात न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले, तेव्हाही शेवटी प्रकाशतंतूची एक नीट न बसलेली केबल निघाली. ती ढिली ठेवून आणि घट्ट करून फरक मोजला म्हणून ती केबल दोषी ठरली. नुसती ‘केबल ढिली होती’ ही साक्ष पुरली नसती.

निळी शाई

हे सगळं यंत्रांना लागू पडतं. माणूस उलटसुलट चालू-बंद करून बघता येत नाही. ‘मानवी चूक’ लिहिलेल्या फॉर्मांचं काय? माझं खरं दुखणं तिथे आहे.

सावली

तिथे विमानवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातलं परिशिष्ट १३ सरळ सांगतं की अपघात तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. दोषाचं काम न्यायालय करेल, वेगळं. अमेरिकेत वैमानिकांनी स्वतःच्या चुका गोपनीयपणे कळवाव्यात म्हणून १९७६ पासून एक व्यवस्था आहे आणि ती नासा चालवते, वैमानिकाचा परवाना काढून घेऊ शकणारं खातं चालवत नाही. मुद्दाम.

तुमच्याकडे फॉर्म कोण वाचतं? पगारवाढ ठरवणारीच व्यक्ती वाचत असेल, तर कितीही रकाने वाढवा, माणूस स्वतःला वाचवणारंच लिहील.

घड्याळजी

आणि व्यवहारात एक करा. ‘मानवी चूक’ लिहिलेलं दिसलं की विचारा, त्याच खुर्चीत दुसरा तितकाच अनुभवी माणूस बसवला असता तर तो चुकला असता का? उत्तर ‘हो, बहुधा’ असेल तर माणसाचं नाव खोडा आणि खुर्चीबद्दल लिहा. दोन बटणं शेजारी, सारख्या रंगाची, चुकीचं दाबलं तरी ‘नक्की का?’ असं कुणी विचारत नाही, असलं काहीतरी निघतं.

कोलंबिया यान २००३ मध्ये कोसळलं, तेव्हाच्या चौकशी मंडळाने इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा पंखावर आदळला हे भौतिक कारण दिलं आणि संस्थेची कार्यपद्धती हे कारण तितक्याच वजनाने वेगळं मांडलं. दोन रकाने, दोन्ही भरलेले.

निळी शाई

वाचते वरिष्ठ व्यक्तीच, तीच. सावलीताई, नस पकडलीत. दोन रकान्यांची कल्पना मात्र मांडून बघण्यासारखी आहे, ‘काय मोडलं’ आणि ‘ते आधी का दिसलं नाही’. दुसऱ्यात कुणाचं नाव लिहिताच येत नाही, हा त्याचा फायदा.

पाना-स्क्रू

लिहिता येतं. ‘अमुक यांनी पाहिलं नाही.’ लोक फार हुशार असतात.

अक्षरा

मोजपट्टी, एक शंका राहिली. आरसा चुकलेला आणि तो वर अवकाशात. मग पुढे दुरुस्ती इतकी नेमकी कशी झाली?

मोजपट्टी

चांगला प्रश्न, आणि चौकशीचा सर्वांत मोठा फायदा तिथेच झाला. ते चुकलेलं तपासणी उपकरण कारखान्यात तसंच, न हलवता राहिलं होतं. त्यामुळे भिंग किती सरकलं होतं ते प्रत्यक्ष मोजता आलं. दुसरीकडे दुर्बिणीने घेतलेल्या ताऱ्यांच्या चित्रांवरून आरशाचा खरा आकार काढला. त्यावरून उलट्या बाजूने तितकीच ‘चूक’ असलेली दुरुस्ती बनवली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी नवा कॅमेरा बसवला, त्याच्या आतच ही दुरुस्ती होती. बाकीच्या उपकरणांसाठी कोस्टार नावाची छोट्या आरशांची जोडणी बसवली. पुढे जी उपकरणं नेली त्या प्रत्येकात दुरुस्ती अंगचीच ठेवली, म्हणून २००९ मध्ये कोस्टार काढून खाली आणता आलं. मुख्य आरशाला कुणी हात लावलेला नाही.

उपकरण आवरून, पुसून कपाटात ठेवलं असतं तर निम्मा पुरावा गेला असता. निळी शाई, तुमच्या फॉर्मात ‘बिघाडानंतर कशाला हात लावला’ असा रकाना आहे का? नसेल तर आधी तो घाला.